पथ्य सांगणाऱ्यांना मत कुठे?

शेलूबाजारसारख्या बाजारगावात आरोग्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो अशा माणसांची मोजदाद केली आणि त्यांपैकी कोणाला स्वतःच्या व्यवसायाच्या कारभारात मत आहे एवढेच पाहिले, तर एक विसंगती चटकन नजरेत भरते. ॲलोपॅथीच्या डॉक्टरला मत आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेवर नऊ सदस्य नोंदणीकृत डॉक्टरांनी निवडून पाठवायचे असतात. त्या निवडणुका वेळेवर होतात का, हा वेगळा आणि दुःखाचा विषय. मेडिकल दुकानात गोळ्या मोजून देणाऱ्या फार्मासिस्टलाही मत आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने राज्य परिषदेतल्या सहा जागा त्याच्यासारख्या नोंदणीकृत फार्मासिस्टांच्या मतांवर ठेवल्या आहेत. पण समजा, याच गावातली एखादी मुलगी अमरावतीला गृहविज्ञान शिकली, पुढे आहारशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि वाशीमच्या किंवा अकोल्याच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून लागली. तिच्या व्यवसायाचे नियम राबवणाऱ्या सरकारी परिषदेवर कोण बसणार, हे ठरवताना तिला कोणी विचारणार नाही. कायद्यात तशी सोयच नाही.

म्हणून तिच्या हातात उरते ते व्यावसायिक संघटनेतले मत. भारतातल्या आहारतज्ज्ञांची मुख्य संघटना म्हणजे इंडियन डायटेटिक असोसिएशन. १९६३ साली ती उभी राहिली ती डॉ. सी. गोपालन यांच्या पुढाकाराने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे हे संचालक, पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची जी कोष्टके आहारशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी चाळलेली असतात, त्या पुस्तकावर त्यांचे नाव आहे. संघटनेच्या शाखा देशभर आहेत, आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर अशा. ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही पात्रता देणारी परीक्षा तीच घेते. तिचे पदाधिकारी सभासदांच्या मतांवर ठरतात. आमचे म्हणणे एवढेच, की विदर्भ-मराठवाड्याच्या लहान गावांतून आलेल्या आहारतज्ज्ञांनी या पदांसाठी उभे राहावे, आणि ते पुढच्याच निवडणुकीत.

यात सामान्य वाचकाचा काय संबंध? संबंध पथ्याच्या कागदापाशी सुरू होतो. मधुमेह असल्याचे कळते, डॉक्टर गोळी लिहून देतात आणि गर्दीत जेमतेम एक वाक्य सांगतात: गोड, भात, बटाटा बंद. बाकीचे पथ्य मग शेजारी, जावई आणि मोबाइलवरचे व्हिडिओ मिळून ठरवतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला उन्हाळ्यात कोणीतरी मायेने शहाळे आणून देते. निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला शरीरातले पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि शहाळ्यात ते भरपूर असते. रक्तातले पोटॅशियम वाढले की थेट हृदयाची लय बिघडते. प्रेमाने दिलेले पाणी असे जिवावर बेतू शकते, हे सांगायला कोणीतरी शिकलेले माणूस लागते.

दुसरे उदाहरण त्याहून नाजूक. तीव्र कुपोषित बालक आजारी अवस्थेत पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होते तेव्हा घरच्यांना वाटते, आता याला भरपूर खाऊ घालावे. पण उपाशी शरीराचे सगळे गणित बदललेले असते. एकदम पोटभर दिले तर रक्तातल्या फॉस्फेट, पोटॅशियमसारख्या क्षारांची पातळी कोसळते आणि मूल दगावू शकते. म्हणून आधी ‘एफ-७५’ नावाचे दूध, म्हणजे शंभर मिलिलिटरला पंचाहत्तर कॅलरी देणारे, थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा; मूल सावरले की मग ‘एफ-१००’. हा वाटीचमच्याचा हिशेब ठेवणे हे वैद्यकीय काम आहे, स्वयंपाकघरातली मदत नव्हे. अन्न हे औषधाइतके काम करते याचा अलीकडचा ठळक पुरावा क्षयरोगाचा आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. शिधा म्हणजे तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. अशा निष्कर्षातून गावपातळीवर काय करायचे हे ठरवताना त्या टेबलाशी आहारतज्ज्ञ बसलेला असावा, अशी अपेक्षा वावगी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आहेत, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. वाशीमची गणना तर केंद्राने ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत होते. मागासपणाला इतके गोजिरे नाव सरकारच देऊ जाणे.

आता कायद्याकडे वळू. अगदी अलीकडेपर्यंत ‘आहारतज्ज्ञ’ ही पाटी कोणीही लावू शकत असे. व्यायामशाळेचा प्रशिक्षक, प्रोटीन पावडरचा वितरक, दीड महिन्याचा ऑनलाइन कोर्स केलेली कोणी हौशी व्यक्ती, सगळे एकाच नावाखाली. संघटनेची परीक्षा होती, पण ती ऐच्छिक. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि चित्र पालटण्याची शक्यता निर्माण झाली. या कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा प्रवर्ग आहेत. पोषणशास्त्र हा त्यांतला एक. त्यात रुग्णालयातले आहारतज्ज्ञ आले, सार्वजनिक आरोग्यातले आले, क्रीडा-पोषणवालेही आले. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचे पदवीशिक्षण हवे, असे कायदा म्हणतो. राज्याराज्यांत परिषदा, त्यांची नोंदवही, आणि त्या नोंदवहीत नाव असेल तरच व्यवसाय. दीड महिन्याच्या प्रमाणपत्रवाल्यांचे काय होईल, ही चिंता आम्ही त्यांच्यावरच सोपवतो.

कायदा चांगला आहे. त्यात एक खोट आहे ती अशी, की राज्य परिषदेचा अध्यक्ष सरकारने नेमायचा, आणि प्रत्येक प्रवर्गाचे दोन प्रतिनिधी, तेही सरकारनेच नेमायचे. सगळ्या महाराष्ट्रातल्या आहारतज्ज्ञांच्या वतीने दोन माणसे. ती नावे कुठून येणार? मंत्रालयात ज्यांची ये-जा आहे त्यांची नावे आधी सुचणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याला उतारा एकच: ज्या संघटनेचे पदाधिकारी खुल्या मतदानातून आले आहेत, ज्यांच्यामागे मोजलेली मते आहेत, त्यांच्याकडून नावे मागितली जावीत. त्यासाठी संघटनेची निवडणूक आधी खरी निवडणूक असायला हवी. एका पदाला एकच अर्ज आला आणि टाळ्या वाजल्या, याला मोजलेली मते म्हणत नाहीत.

‘बिनविरोध’ या शब्दाचे आपल्याकडे फार कौतुक. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की सत्कार होतो, पतसंस्था बिनविरोध झाली की बातमी छापून येते. गावात ते समजण्यासारखे आहे. निवडणुकीने भावकीत वर्षानुवर्षे पडणारी फूट टळत असेल तर एखादी जागा सोडून द्यावी. शिकलेल्या व्यावसायिकांच्या संघटनेत मात्र बिनविरोधाचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की गेल्या कार्यकाळात काय केले हे कोणी विचारले नाही आणि पुढच्यात काय करणार हे कोणी सांगितले नाही. दोन उमेदवार असले की निदान दोन कागद तरी लिहिले जातात.

या कागदांवर काय असावे, याचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पैशाचा आहे. कोणत्याही वैद्यकीय संघटनेची परिषद भरवायची म्हणजे सभागृह, जेवण, पाहुण्यांचा प्रवास आणि पिशव्या. सभासदांच्या वर्गणीत हे बसत नाही. मग प्रायोजक येतात. आहाराच्या क्षेत्रात प्रायोजक म्हणजे अर्थातच खाण्यापिण्याचे पदार्थ विकणारे. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या डब्यांपुरता हा प्रश्न कायद्यानेच सोडवलेला आहे. १९९२ चा बालदुग्धपर्यायांविषयीचा कायदा आणि त्यात २००३ साली झालेली दुरुस्ती यांनुसार अशा डब्यांच्या उत्पादकांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांना देणगी देता येत नाही; परिषद, चर्चासत्र, स्पर्धा, शिष्यवृत्ती, संशोधन, कशाचाही खर्च उचलता येत नाही. मात्र बिस्किटे, गोड ‘शक्तिवर्धक’ पेये, तेले, प्रोटीनचे डबे यांना ही बंदी लागू नाही. तिथे मर्यादा कोणी घालायची? निवडून आलेल्या कार्यकारिणीने. आणि तिने घातली नाही तर?

अमेरिकेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथली आहारतज्ज्ञांची संघटना आपल्यापेक्षा बरीच जुनी, १९१७ साली पहिल्या महायुद्धाच्या काळात क्लीव्हलंड शहरात स्थापन झालेली. लेना कूपर आणि लुलू ग्रेव्हज या दोघी तिच्या प्रमुख संस्थापक, आणि ग्रेव्हज पहिल्या अध्यक्ष. २०१५ च्या मार्चमध्ये बातमी आली, की या संघटनेच्या मुलांसाठीच्या ‘किड्स ईट राइट’ मोहिमेचे बोधचिन्ह क्राफ्ट कंपनीच्या चीजच्या पाकिटांवर छापले जाणार. संघटनेचे म्हणणे, ही शिफारस नाही. पण दुकानात उभ्या असलेल्या आईला बोधचिन्ह आणि शिफारस यांतला फरक कसा कळणार? टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात संघटनेची टर उडवली गेली. त्याहून बोचरे होते ते सभासदांचे बंड. सह्यांच्या मोहिमा निघाल्या, हजारो आहारतज्ज्ञांनी सांगितले की आमच्या नावावर हे नको. काही आठवड्यांत करार गुंडाळावा लागला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण कंपनीचा लोभ नव्हे. कंपनी विकायलाच बसलेली असते. कारण असे, की सभासद ओरडले तेव्हा ऐकायला भाग पडेल अशी नेतृत्वाची रचना तिथे होती. तिथे दरवर्षी मतदान होते. अध्यक्ष एक वर्ष आधी निवडला जातो, ते वर्ष तो शिकाऊ म्हणून काढतो, मग एक वर्ष कारभार करतो आणि त्यानंतर एक वर्ष माजी म्हणून मंडळावर असतो. खुर्चीला चिकटून राहायला फारसा वाव उरत नाही. ही पद्धत आपल्याकडे उचलावी अशी आहे, आणि त्यासाठी घटनादुरुस्तीची सूचना मांडणारा एक सभासद पुरतो.

विज्ञान शिकलेल्या माणसाने निवडणुकीच्या भानगडीत पडू नये, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण आहे, आणि त्याचा धागा वाशीमच्या शेतांपर्यंत पोहोचतो. या जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन असते. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने, म्हणजे डाळींच्या जवळपास दुप्पट. पण ते पोत्यात भरून तेल-गिरणीकडे जाते, ताटात फारसे येत नाही. त्याला चवीखेरीज एक रासायनिक कारणही आहे: कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे घटक असतात, त्यामुळे ते नीट शिजवल्याशिवाय पचत नाही, उष्णतेने हे घटक बऱ्याच अंशी निकामी होतात. भारतीय कडधान्यांतल्या नेमक्या याच ट्रिप्सिन-रोधकांवर गेल्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केले ते डॉ. कमला सोहोनी यांनी. केंब्रिजची पीएच.डी., त्याआधी बंगळूरच्या संस्थेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेल्याचा आणि भांडून तो मिळवल्याचा इतिहास, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत नोकरी, नीरेवरचे संशोधन, हे सगळे बहुतेकांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असते ते हे, की १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात त्या उतरल्या आणि १९८२-८३ साठी तिच्या अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्या ग्राहकांसाठी लिहीत. अन्नातली भेसळ ओळखायची कशी, विकत घेताना पाहायचे काय, हे प्रश्न त्यांना प्रयोगशाळेइतकेच महत्त्वाचे वाटले. आयुष्यभर नेमणुका आणि बढत्यांसाठी दुसऱ्यांच्या मर्जीकडे पाहावे लागलेल्या या बाईंनी निवृत्तीनंतर मतांवर मिळणारे पद स्वीकारले.

महाराष्ट्रातल्या स्त्रियांना आहारशास्त्राच्या संघटनेतली सर्वोच्च पदे मिळालेलीच नाहीत, असेही नाही. मुंबईच्या सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालयाच्या प्राचार्य डॉ. जगमीत मदान यांनी इंडियन डायटेटिक असोसिएशनचे राष्ट्रीय अध्यक्षपद सांभाळले आहे. पण मुंबईच्या महाविद्यालयातून दिल्लीपर्यंतचा रस्ता आणि शेलूबाजारहून नागपूर शाखेपर्यंतचा रस्ता यांत फरक आहे, आणि तो किलोमीटरचा नाही. समृद्धी महामार्गाने शेलूबाजारला स्वतःचा इंटरचेंज दिला, नागपूर काही तासांवर आले. अडते ते दुसरीकडे. जिल्हा पातळीवरच्या अनेक आहारतज्ज्ञांची नोकरी कंत्राटी असते. मुदत संपत आली की पुन्हा आदेशाची वाट पाहायची. अशा स्थितीत वरिष्ठांना न आवडणारे काही बोलायचे म्हणजे धाडस. शनिवारी नागपूरला बैठक असेल तर रजा कोण देणार, मुलाला कोण सांभाळणार, गाडीभाडे कोण भरणार? या व्यवसायात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे प्रश्न खासगी ठरवून बाजूला सारता येणार नाहीत. बैठका ऑनलाइन घेता येतात, मतदानही घेता येते. कोविडने हे सगळ्यांना शिकवले. तरी अनेक संस्थांच्या घटनेत ‘प्रत्यक्ष उपस्थित सभासद’ हे शब्द अजून तसेच असतात. ते बदलायला आत जावे लागते.

आत जायचे कसे, हे कोणी शिकवत नाही. पहिली गोष्ट म्हणजे संघटनेची घटना मागवून वाचणे. तिच्यात कोण उभे राहू शकतो, किती वर्षांचे सभासदत्व लागते, सूचक-अनुमोदक किती, थकबाकीदाराला मत आहे का, हे सगळे लिहिलेले असते आणि ते वाचणारा सभासद विरळा. दुसरे, अध्यक्षपदापासून सुरुवात करू नये. कोणत्याही संस्थेत कोषाध्यक्षाचे पद कोणाला नको असते, कारण त्यात पावत्या असतात आणि मान नसतो. नव्या माणसाने तेच मागून घ्यावे. वर्षभर पावत्या फाडल्या की संस्था कोणाच्या पैशावर चालते हे पाठ होते. भाषणे ऐकून ते कधीच कळत नाही. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेला नवी कार्यकारिणी आली की नव्वद दिवसांत ‘बदल अर्ज’ द्यावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे. कित्येक चांगल्या संस्थांची निवडून आलेली मंडळे या एका अर्जावरच्या वादात वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली आहेत.

आता जाहीरनामा. पोषण महिन्यात फलक लावू, परिषद भव्य करू, व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देऊ, असली वाक्ये कोणीही लिहितो. शेलूबाजारच्या उमेदवाराला त्याहून नेमके लिहिता येईल. मराठीत ‘उमेदवारी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, निवडणुकीला उभे राहणे आणि हाताखाली काम करून शिकणे. योगायोगाने तिचा पहिला मुद्दा दुसऱ्या अर्थाचा आहे. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी रुग्णालयात सहा महिने उमेदवारी करावी लागते. आहारशास्त्राचा सुसज्ज विभाग असलेली रुग्णालये मोठ्या शहरांत. वाशीमच्या मुलीला सहा महिने नागपुरात किंवा पुण्यात राहण्याचा खर्च करावा लागतो, आणि तिथेच कित्येकींचा प्रवास थांबतो. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयात आहार विभाग नीट उभा राहिला आणि संघटनेने त्याला उमेदवारीसाठी मान्यता दिली, तर जिल्ह्यातल्या मुलींना घरून डबा घेऊन जाऊन पात्रता मिळवता येईल. हे काम एका पत्राने होणार नाही, पण ते पत्र लिहिणारा कोणीतरी लागतोच, आणि त्याच्या पत्राच्या शिरावर पदाचे नाव असेल तर पलीकडून उत्तर येण्याची शक्यता वाढते.

दुसरा मुद्दा पथ्याच्या कागदाचाच. महानगरांतून येणाऱ्या आहाराच्या तक्त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते, ग्रीक योगर्ट असते. मंगरूळपीर तालुक्यातल्या रुग्णाच्या घरी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असते. यांतले एकही वाईट नाही. जवसातल्या ओमेगा-३ स्निग्धांसाठी शहरात लोक डबी विकत घेतात. मधुमेह्याला किती भाकरी चालतील, वरण घट्ट ठेवायचे की पातळ, मूत्रपिंडाच्या रुग्णाने अंबाडी खावी की टाळावी, हे वाटीच्या मापात, मराठीत, छापील कागदावर मिळायला हवे. २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची सतरा मार्गदर्शक सूत्रे नव्याने दिली आहेत. त्यांचे वऱ्हाडी ताटात रूपांतर करण्याचे काम हैदराबाद करणार नाही.

आणि तिसरा मुद्दा प्रायोजकांचा. एक ओळ पुरेशी आहे: शाखेला कोणत्या कंपनीकडून किती रुपये मिळाले, हे दरवर्षी सभासदांना आणि लोकांना कळेल असे जाहीर करू. या ओळीला विरोध करणारा उमेदवार समोर आला, तर मतदारांचे काम फारच सोपे होईल.

यावर एक आक्षेप येतो तो ऐकून घ्यायला हवा. डॉक्टरांच्या निवडणुकांकडे पाहा, असे काहीजण म्हणतात. पॅनेल, मेजवान्या, जातीची गणिते, एकमेकांवर तक्रारी. आहारतज्ज्ञांचा व्यवसाय अजून लहान आहे, त्याला हे सगळे कशाला? भीती अनाठायी नाही. निवडणूक लढवली की माणसे दुखावतात, आणि लहान व्यवसायात दुखावलेली माणसे पुन्हा त्याच परीक्षा मंडळावर, त्याच निवड समितीवर भेटतात. पण निवडणूक टाळल्याने गट नाहीसे होत नाहीत. ते बंद दाराआड नावे ठरवतात, एवढाच फरक. मेजवान्या नकोत तर निवडणूक खर्चावर मर्यादा घालावी, प्रचार लेखी निवेदनापुरता ठेवावा, सगळ्या उमेदवारांचे निवेदन एकाच लांबीत एकाच टपालात सभासदांना जावे. कायद्यानेच या व्यवसायाला आता आरोग्यसेवेचा दर्जा दिला आहे. दर्जा घ्यायचा आणि हिशेब द्यायचा नाही, हे फार काळ चालणार नाही. रुग्ण विचारू लागतील.

रुग्णांनी विचारायला सुरुवात आजच करायला हरकत नाही. पथ्याचा कागद हातात देणाऱ्याला शिक्षण काय, नोंदणी कुठे, एवढे दोन प्रश्न. खऱ्या आहारतज्ज्ञाला त्यांचा राग येणार नाही.

आणि जिला उभे राहायचे आहे तिने मतदारयादी निघाली की आधी आपले नाव पाहावे, मग थकलेली वर्गणी भरावी, मग अर्ज. अर्ज भरल्यापासून तो मागे घेण्याच्या तारखेपर्यंत मधे काही दिवस असतात. त्या दिवसांत फोन येतात. बहुतेक ज्येष्ठांचे, अगदी आपुलकीच्या सुरातले: यंदा राहू दे, पुढच्या वेळी तुलाच घेऊ.